ओळख बघू कोण?

मी, इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावरून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि कोणी कानाशी न बसता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखल्याची गरज का पडली तेही लिहिते, नाहीतर माझ्यामागे जावईबापू तेच पुढे करून सगळे रद्द करायला निघतील.

गेल्या थंडीत मी फोनवर फसले. दुपारी फोन वाजला. "आई, ओळख बघू कोण?" बोर्डावर आयुष्य काढलेल्या बाईला असे विचारू नये. कोणता सर्जन चिडलेला आहे, हे मी नुसत्या 'हॅलो'वरून सांगत असे. 'नाही ओळखले' म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी म्हणाले, "बंड्या?" तो म्हणाला, "बंड्याच की गं!" म्हणजे नाव मीच पुरवले. मग अपघात झालाय, पोलिसांनी बसवून ठेवलंय, ताईला सांगू नकोस, ओरडेल. ताई, म्हणजे माझी थोरली, ओरडते हेही त्याला त्याच फोनवर माझ्याच तोंडून कळले होते. मी दोनदा पैसे पाठवले. दुसऱ्यांदा पाठवले ते पहिले फुकट जाऊ नयेत म्हणून.

चौकीतला हवालदार म्हणाला, "आजी, लोभ नडतो माणसाला." जावईबापू म्हणाले, "वय झालं आता आईंचं." दोघेही चुकले. बंड्या, माझा धाकटा, वडिलांच्या आजारपणात बहिणीशी भांडून घरातून गेला, तेव्हापासून त्याचा फोन नाही. मला त्याचा आवाज ऐकायचा होता, म्हणून तो मला ऐकू आला.

एक. राहते घर ताई आणि बंड्या यांना निम्मे-निम्मे. ताई म्हणते, "ज्याने साधा फोन केला नाही, त्याला कशाला?" ताई, तू माझे खूप केलेस, हे इथे सहीनिशी लिहिते, पण घर मी पगार म्हणून वाटत नाही. रस्त्याकडची खोली बंड्याची. तिथली जावईबापूंची व्यायामाची सायकल हलवावी. तिच्यावर कपडे वाळण्यापलीकडे काही झालेले नाही.

दोन. बँकेत उरले असेल ते ताईचे. जावईबापूंनी ते आपल्या मित्राच्या 'खात्रीच्या' योजनेत घालू नये. तो मित्रही फार गोड बोलतो. मी शेजारच्या खोलीतून ऐकले आहे.

तीन. बोर्डावरचा माझा हेडफोन तिथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीला ठेवणार होते. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, म्हणून आजच हातात दिला. मी फसल्यावर तिने एकटीनेच विचारले, "आवाज गोड होता का गं त्याचा?" होता.

चार. घरचा टेलिफोन बंद करू नये, नंबर बदलू नये. सगळे मागे लागले होते, मी बधले नाही. बंड्याला हाच नंबर पाठ आहे.

पाच. याची एक प्रत बंड्याला, माझ्या मरणाची वाट न बघता, पोस्टाने पाठवावी. पत्ता ताईकडे आहे, हे मला माहीत आहे.

बंड्या, आता कोणी 'ओळख बघू' म्हटले की मी फोन ठेवते. तसे ताईला वचन दिले आहे. गेल्या महिन्यात एकाने तसे विचारले आणि मी ठेवला. तो तू होतास का, हे मला कळायला मार्ग नाही. तेव्हापासून मला झोप लागत नाही. तू असलास तर पुन्हा कर. आधी नाव सांग.

सही: (तुझी आई)

साक्षीदार:
१. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)
२. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण (सही)

ठिकाण: टेलिफोनशेजारचे टेबल
दिनांक: बंड्याचा वाढदिवस. लाइन मोकळी आहे.