शाळेच्या कोपऱ्यावर

ऑस्टबी, नेब्रास्का
२ ऑक्टोबर

प्रिय आर्डिसवन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून केली. पुढचं वाचून मला खोटारडी म्हणू नका.

सोयाबीन उरकलं, मका निम्मा निघालाय. धूळ इतकी, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं. मुलूख तुम्ही सोडून गेलात तसाच आहे, सपाट आणि चौकोनी. रस्ता, कोपरा, पुन्हा रस्ता, पुन्हा कोपरा. फक्त घरं गेली. वाट सांगताना आम्ही अजून म्हणतो, "एकबर्गांच्या घराशी वळा." तिथे घर कुठलं, नुसता मका! नवा माणूस विचारतो, "कुठलं घर?" आणि आम्हीच त्याच्यावर चिडतो.

वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या अजून ६३ आहे. ड्वेन म्हणतो, "त्यातले निम्मे चर्चमागे मातीत झोपलेत." ड्वेन म्हणजे धान्याच्या कोठारावरचा, मोठ्या कानांचा, तुम्हाला आठवत असेल. पोस्ट आता सकाळीच उघडतं. पोस्टातली जोलीन दुपारी घरी बसते आणि खिडकीतून रस्ता बघते. तिच्या त्या बघण्यावर माझा संसार चाललाय, वन्सं.

फोनवर तुम्ही विचारता, "दादा कसा आहे?" मी म्हणते, बरे आहेत. हे फोन घेतात, पाऊस किती झाला ते सांगतात आणि परत माझ्या हातात देतात. तुम्हाला वाटतं, दादा पहिल्यापासून कमी बोलणारा. मीही तसं वाटू दिलं.

मार्चमध्ये स्वेन्सनांचा लाल गोठा पाडला. आपल्या घराकडे वळायची ती खूण. हे त्या दिवशी बियाणं आणायला गेले आणि येताना लाल गोठा दिसेपर्यंत सरळ गाडी हाकत राहिले. गोठाच नाही, तर दिसणार काय? नदीच्या वाळूत चाकं रुतली तेव्हा थांबले. गाव हसलं, मीही हसले. आमच्यापैकी कुणाचंही झालं असतं असं. पण मग मे महिन्यात हे जेवताना म्हणाले, "आर्डिसला आणायला जायचंय," आणि उठलेच.

रोज दुपारी पिकअप काढतात आणि जुन्या शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात. शाळा कधीच गेली, नुसता पाण्याचा हातपंप उरलाय. सासूबाई गेल्यावर हे तुम्हाला शाळेतून आणायचे ना, तसेच जातात. त्यांच्या लेखी तुम्ही अजून नऊ वर्षांच्या आहात आणि हातात डबा आहे.

पहिल्यांदा ड्वेनने बघितलं. म्हणाला, "काय रे आल्डन, इथे काय करतोस?"

"आर्डिसची वाट बघतोय. शाळा सुटली नाही अजून."

ड्वेनचं डोकं बघा. म्हणाला, "अरे, आज लवकर सुटली! बाईंची दाढ दुखायला लागली. आर्डिस घरी पोचलीसुद्धा."

"कार्टी! थांबायचं तरी," असं म्हणून हे हसले आणि घरी आले. आल्यावर कॉफी प्यायले, तुमचं नावही काढलं नाही.

तेव्हापासून गावाचं हेच काम. पिकअप गेली की जोलीन कोठारावर फोन करते. ड्वेन जातो, नाहीतर वाटेवर जो कुणी असेल तो. कधी शाळेतली शेगडी धुमसते, कधी बाईंना गोवर येतो. जोलीन म्हणते, "मर्ना, त्या बाईंना आम्ही इतकी दुखणी लावलीत, आता त्यांना पेन्शन द्यायला हवी." हसून हसून पोट दुखतं, आणि मग मी आत जाऊन डोळे पुसते.

आता ऐका. कोठार या हंगामानंतर बंद होतंय. ड्वेन लिंकनला मुलीकडे चाललाय. जोलीनही घर विकायचं बोलते. आमचा केंट ओमाहाहून रोज फोन करतो, तिथे त्याने बाबांसाठी वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. "आई, बर्फात गाडी खड्ड्यात गेली तर? गाव सांभाळतंय म्हणतेस, पण गाव आहे कुठे?" मी त्याला नको नको ते बोलले. फोन ठेवल्यावर कळलं, पोराचं काही चुकत नाही. मी थकलेय, वन्सं. हे कुणाला म्हटलं नव्हतं, तुम्हालाच म्हणते.

काल ड्वेन लिंकनला गेला होता. जोलीनचा फोन कुणी उचलला नाही, म्हणून तिने मला केला. मी चालत निघाले. आमची दुसरी गाडी विकली आणि माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. हे काच खाली करून बसले होते.

मी म्हटलं, "चला, आर्डिस घरी आलीय. कॉफी टाकलीय तिने."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. टोपी काढली. अगदी अदबीने म्हणाले, "आभारी आहे बाई. आपण कुणाकडच्या?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यापुढे कधी टोपी काढली नाही, काढली ती लग्नाआधी. म्हटलं, "मी तिकडेच राहते, तुमच्याच घराजवळ."

"मग बसा ना, सोडतो. एवढं कशाला चालता?"

मी बसले. रस्ताभर माझ्याशी पावसाचं बोलले. समोरून गाडी आली की ओळख द्यायला स्टिअरिंगवरून एक बोट उचलत होते, नेहमीसारखं. आणि लाल गोठा नसलेल्या त्या कोपऱ्यावर बरोबर वळले. दारात उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं. "सांभाळून, पायरी आहे," म्हणाले. पायरी त्यांनीच बांधलेली.

आज सकाळी मी पिकअपची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. केंटला अजून हो म्हटलेलं नाही.

वन्सं, बर्फ पडायच्या आत या. डबा घेऊन त्या हातपंपापाशी एकदा उभ्या राहा. तुमचे केस पांढरे झालेत, ओळखतील की नाही, मी सांगू शकत नाही. पण "बसा, सोडतो" नक्की म्हणतील. किल्ली मी देईन आणि तुमच्याशेजारी बसेन. एकदा त्यांना तुम्हाला घरी आणू द्या. मग मी केंटला फोन लावते.

तुमच्या दादांनी काल जिला घरापर्यंत सोडलं, ती

मर्ना