अंगठ्याची साक्ष

९ जानेवारी
उजव्या पायाचा अंगठा पुन्हा पेटला. पांघरूण टेकलं तरी ब्रह्मांड आठवतं. ऑफिसात चप्पल घालून गेलो. टॉवरची लिफ्ट, सकाळची गर्दी, आणि प्रत्येकाचा बूट माझ्याच अंगठ्यावर डोळा ठेवून.
शेजारच्या टेबलावरचा कपूर : "क्या बॉस, वीकेंड में ज़्यादा हो गई?"
बियर सोडून वर्ष होत आलं. मटण फक्त इतरांच्या फोटोत. पण गाउट, म्हणजे हे सांध्याचं दुखणं, म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते.
घरी सौ.ने माझी पाण्याची बाटली उघडून हुंगली.

११ जाने.
"सुहास, खरं सांग. शुक्रवारच्या ब्रंचला काय प्यालास?"
"लिंबूपाणी."
"आणि लिंबूपाण्याने अंगठा सुजला?"
माझाच अंगठा, साक्ष तिच्या बाजूने.
आप्पांचं, माझ्या वडिलांचं, हेच झालं. चिपळूणचे हेडमास्तर, मासळीसुद्धा वर्ज्य. पण अंगठा सुजला की गावात कुजबुज : मास्तर गुपचूप घेतात. आईलाही संशय. मला वाटायचं, आपण परदेशात राहणारे, आपलं लग्न जरा आधुनिक आहे.

१४ जाने.
संक्रांत. सौ.ने वाटी पुढे केली : "तिळगूळ घे आणि खरं बोल."

१७ जाने.
डॉ. मल्याळी बाई, एकदम शांत. विचारलं, बियरऐवजी काय? अभिमानाने सांगितलं : घराखालच्या कॅफेटेरियातला आंब्याचा ज्यूस, मोठा ग्लास, रोज. सुटीच्या दिवशी उसाचा.
बाईंनी पेन ठेवलं. "बियर छोड़ के ये?"
फळांच्या साखरेनेही यूरिक ॲसिड वाढतं म्हणे. म्हणजे वर्षभर पुण्य समजून ढोसलं ते... ज्यूस सौ.च आणून द्यायची, हे घरी सांगताना माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.
मग विचारलं, घरात कुणाला? आप्पांचं सांगितलं. बाई पहिल्यांदा हसल्या. दिवसभराची लघवी कॅनमध्ये जमवून आणा.

१९ जाने.
कॅन फ्रिजमध्ये, दह्याशेजारी. इरा : "बाबा, दॅट्स सो ग्रॉस!" पोरगी आता फ्रिज उघडत नाही. आइस्क्रीम वाचलं.

२४ जाने.
सौ. सोबत आली. निकाल तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.
यूरिक ॲसिड माझं शरीर इतरांइतकंच बनवतं. अडचण किडनीत. गाळून बाहेर निघालेलं ती पुन्हा आत घेते. या कामाची दारं असतात, ती कशी उघडझाप करणार ते जीन्स ठरवतात, आणि हे जीन्स घराण्यात चालत येतात. खाण्यापिण्याने भर पडते, पण ओझं मुख्यतः वारशाचं. थोडक्यात, एक्झिटचा शिक्का बसलेल्याला पुन्हा आत घेणारं इमिग्रेशनचं काउंटर.
"मॅडम, सिर्फ पीने से नहीं होता."
गाडीत बसल्यावर सौ. म्हणाली, "ज्यूसचं सॉरी." बाटलीचं सॉरी अजून यायचंय. इन्शाल्ला, इथल्या अरबांच्या भाषेत.
ठरलेल्या गोळीने मोजक्या लोकांच्या अंगावर भयंकर पुरळ उठतं. तेही एका जीनवरून आधी कळतं, म्हणून रक्त दिलं. त्या रिपोर्टचीच धाकधूक.

१ फेब्रु.
रिपोर्ट आला. तो जीन नाही! गोळी सुरू. सुरुवातीला अंगठा पुन्हा भडकू शकतो, तरी गोळी सोडायची नाही. सौ.ने हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी बाटली हुंगणार नाही. केवढं हलकं वाटलं! चपलेतच जेवायला बाहेर गेलो.

२ फेब्रु.
चिपळूणला फोन. आईला सगळं समजावलं : आप्पांचा दोष नव्हता, रक्तातच होतं.
आई : "म्हणजे मी उगाच यांची कपाटं हुंगत बसले जन्मभर?" आणि हसायलाच लागली. डोळे पुसत असावी. म्हणाली, यांच्यासाठी शिरा करते, आणि फोन आप्पांकडे.
आप्पा खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो?" मग आवाज खाली. "ती गेली आत. काय रे, त्या डॉक्टरीण बाईंना एक विचारशील? वारशाचं किती, आणि बाकीचं किती?"
"बाकीचं म्हणजे?"
"काही नाही रे. सहज."
फोन ठेवला. सौ. : "काय म्हणाले आप्पा?"
सहज, म्हटलं.