एकतिसाव्या पानावरची चूक

पेण, शनिवार, १३ फेब्रुवारी १९९९

प्रिय किमया,

तू पाठवलेला तुमच्या प्रोग्रामचा प्रिंटआउट संपूर्ण वाचला. घरात बसवेना, म्हणून रोह्याचं तिकीट काढलं, गाडीत वाचत गेले, रोहा स्टेशनवर भिकार चहा प्याले आणि वाचतच परत आले. चूक सापडली. ती तुझी नाही. आणि तरी सोमवारी तुझे ते आदर्शसाहेब तुझ्याकडून 'चूक माझीच' असं लिहून घेणार आणि तू सही करणार म्हणतेस! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरच्या पट्ट्या हातावर पुष्कळ खाल्ल्या, पण न केलेल्या चुकीची माफी मागायला त्यांनीही कधी शिकवलं नाही.

एकतिसावं पान काढ. एका कॉम्प्युटरच्या पोटात तुम्ही दुसरे कॉम्प्युटर चालवता. मेमरीच्या कुठल्या भागात कोणी लिहायचं, कोणी नुसतं वाचायचं, हे एका तक्त्यात ठरतं. पण प्रोसेसर दर वेळी तक्ता बघत बसत नाही, मघाची परवानगी स्वतःजवळ लक्षात ठेवतो. परवानगी देताना ती जुनी आठवण पुसली आहे. काढून घेताना पुसलेलीच नाही! तक्ता सांगतो 'फक्त वाच', आणि आतलं मशीन खुशाल लिहितं. बहुतेकदा प्रोसेसर ती आठवण आपणहून विसरतो. म्हणून दहातून नऊदा सगळं नीट चालतं आणि तू वेडी ठरतेस.

खाडीच्या बांधावरची उघाडी आठवते? पाणी आत घ्यायचं ते दार. मिठागरवाल्यांनी बैठकीत ती बंद ठेवायचं ठरवलं, फळ्यावर लिहिलं, आणि राखणदार हिरामणला सांगायचंच विसरले. भरतीत मीठ विरघळलं, तेव्हा सगळे त्याच्याच अंगावर. मला म्हणाला, "मना कोनी सांगला नाय गो बाय. काल उघरी ठेव बोलले, मी ठेवली." त्याला कामावरून काढलंच. बैठकीतल्या एकाचंही तोंड उघडलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे, पण ती गुपचूप घालू नकोस. त्या पानाच्या डोक्यावर आदर्शची आद्याक्षरं आहेत आणि गेल्या मार्चची तारीख. तू लागलीस जूनमध्ये. पान सगळ्यांसमोर टेबलावर ठेव आणि मान वर करून उभी राहा.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते. एक्क्याऐंशी साली मुंबईच्या ऑफिसात आमचं एक मोठं मशीन चार खात्यांत वाटलेलं होतं, आणि प्रत्येकाला वाटे ते आपलंच. एका खात्याने दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं. प्रोग्रामच्या ज्या ओळीमुळे हे झालं ती साहेबांची होती, मला ठाऊक होतं. 'चूक माझी' या कागदावर मी सही केली आणि राजीनामा देऊन पेणला आले. मग शाळेत गणित शिकवलं, निवृत्तही झाले. तुझ्या गोवरासाठी नोकरी सोडली, हे अठरा वर्षं प्रत्येक भांडणात मी तुला ऐकवत आले. ते खोटं आहे. गोवर चार दिवसांत बरा झाला होता. मी घाबरले होते, किमया. तुझ्यामुळे माझं काहीही सुटलं नाही. उद्या सकाळी शेजारचा प्रविण पुण्याला निघतोय, हे पत्र त्याच्याच हाती देते, कारण सोमवारच्या आत ते तुला मिळालं पाहिजे. सही करू नकोस.

तुझीच, उशिरा खरं बोललेली,
आई