न सांगितलेले सहा शब्द

प्रिय चिमणे,

दाराच्या चौकटीत खांदे अडकतात तुझे, तरी हे नाव माझ्या तोंडून सुटत नाही, माफ कर. रग्बीच्या मोठ्या संघात तुला घेतलं हे कळल्यापासून तुझी आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरधरून सांगते आहे. माझ्या खेळाची तेरा वर्षं तिने मैदानाबाहेर बसून काढली, पण तिच्या लेखी हा खेळ म्हणजे अजूनही धडधाकट माणसांची ढकलाढकली. तरी काल तिने तुझा फोटो फ्रिजवर लावला. मलाही आनंद झालाय गं, पण मी दमलोय. आनंद दाखवायलासुद्धा अंगात जोर लागतो.

गोदामात आता मला पत्ते लिहायला देत नाहीत. एक कपाट आणि एक पलंग भलत्याच घरी जाऊन पोचले, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर अक्षर माझं. मालक भला माणूस. म्हणाला, "दादा, तुम्ही आपले खोके बांधा, हात दणकट आहेत तुमचे." मैदानावर दुसऱ्या फळीत, पुढच्या गड्यांच्या मांड्यांमध्ये डोकं खुपसून रेटायचो तेव्हाही लोक हातांचंच कौतुक करायचे. सकाळी जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, डावा कान पिळलेल्या फडक्यासारखा झालाय. त्याबद्दल तक्रार नाही. ते दुखणं मी राजीखुशीने घेतलं होतं.

तू सात-आठ वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर आपण शब्दांचा खेळ खेळायचो, आठवतं? हंगामाआधी आमच्या डोक्याची चाचणी व्हायची. डॉक्टर दहा शब्द वाचायचे, आम्ही ते परत सांगायचे, आणि किती आले ते लिहून ठेवलं जायचं. पुढे सामन्यात डोक्याला मार लागला की पुन्हा दहा शब्द. पहिल्यापेक्षा कमी आले की दोन-तीन आठवडे घरी बसायचं. म्हणून आम्ही सगळेच पहिल्या वेळी मुद्दाम ढ व्हायचो. दहाही पाठ असायचे, पण मी चार सांगून डोकं खाजवायचो. मग मार लागून खरोखर चारच उरले, तरी कागदावर मी ठणठणीत. तू माझी ती डोकं खाजवण्याची नक्कल हुबेहूब करायचीस आणि मी टाळ्या वाजवायचो. आई तेवढी हसायची नाही.

अंतिम सामन्यात सुरुवातीलाच कुणाचा तरी गुडघा माझ्या कानशिलावर बसला होता, असं संघातले सांगतात. मी म्हणे चार शब्द सांगितले आणि परत मैदानात गेलो. कप उचललेला तो फोटो बाहेरच्या खोलीत आहे, त्यात मी हसतोय. चिमणे, त्या दिवसाचं मला काहीही आठवत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही.

मंगळवारी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथेही दहा शब्द. मला तीन आले. डॉक्टरबाईंनी क्लबकडून माझे जुने कागद मागवले होते. ते चाळून त्या म्हणाल्या, "तेव्हा चार, आता तीन. फार काही गेलेलं दिसत नाही." त्यांना बरं वाटलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग मी सांगून टाकलं की ते चार खोटे होते, मला दहाही येत होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग किती गेलं, ते मी कशावरून ठरवू?" म्हणाल्या. माझं धड असलेलं डोकं कुठल्याच कागदावर नाही, मीच ते येऊ दिलं नाही.

सोमवारी तुझी पहिली चाचणी. परवा फोनवर तू हसत विचारलंस, "बाबा, चारच ना?" आणि मी सवयीने हो म्हणालो. हे पत्र त्या एका 'हो'साठी आहे. बोलता बोलता मी वाट चुकतो, म्हणून लिहितोय. तो हो मी परत घेतो. तुला येतील तेवढे सगळे शब्द सांग. उद्या मार लागून घरी बसावं लागलं तर बस, मी सोबत बसेन. आणि सोमवारी संध्याकाळी फोन करून ते दहाही शब्द मला ऐकव. मी विसरलो, तर पुन्हा ऐकव.

तुझाच,
बाबा