एकदाच ओतलेलं कडं

वेस्ट मांबलम, चेन्नई
१९ जुलै २०२५

चि. सौ. नीलम हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. ह्यांचे गुडघे आहेत तसेच आहेत, आणि आवडी गावच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सकाळी सायरन ऐकू आल्यासारखे उठून बसतात. उकाडा कमी व्हायचं नाव नाही. तुझ्याकडे वाळवंट असून संध्याकाळी शाल लागते म्हणतेस, ते ऐकून तुझा हेवाच वाटतो.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला हसू येईल. ताईला काय हे भलतंच सुचलं, म्हणशील. पण माझं व्हॉट्सअ‍ॅप दर्शनच्या लॅपटॉपवरही उघडतं, त्यानेच तसं करून दिलंय, आणि फोनवर बोलावं तर घरात सतत कुणीतरी असतं. समोरच्या फ्लॅटमधली संयुक्ता उद्या अमेरिकेत फिनिक्सला कामावर परत निघालीय. तिकडे उतरली की ती हे पोस्टात टाकेल.

आधी कामाचं सांगते, मग बाकीचं. तुझ्या नावाने एक पेटी येणार आहे. ती घेऊ नकोस, कुठे सही करू नकोस. कुरियरवाला ओळख दाखवेल, 'तुमच्या बहिणीकडूनच आहे' म्हणेल. तरी परत पाठव. ती मी पाठवलेली नाही.

आता हे कसं झालं ते सांगायला तू दिलेल्या कड्यापासून सुरुवात करायला हवी.

दोन वर्षांपूर्वी तू मला त्या आदिवासी कारागिरणीकडे, लोरेनकडे घेऊन गेलीस, तेव्हा मी गाडीत किती कुरकुरले होते! एक चांदीचं कडं बघायला कुणी इतकं लांब जातं का, आमच्या टी. नगरात रस्ता ओलांडला की ओळीने पेढ्या. आणि लोरेनने ते कडं समोर ठेवल्यावर मी पहिला प्रश्न कोणता विचारला? 'वजन किती?' तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती मात्र हसली. कडं माझ्या हातात देऊन म्हणाली, बघ, घाई नको.

मग मी खरंच बघत बसले. चांदी कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत. ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात ती आधी उलटं कोरते, त्यात चांदी ओतते, आणि त्या दगडाचा कण न् कण चांदीवर उतरतो. दगड बहुतेक त्या एका ओतण्यातच तडकतो, म्हणून तसंच दुसरं निघत नाही, हे तिने मला तडकलेला तुकडा दाखवून सांगितलं. पिरोजाचे खडे एका रंगाचे नव्हतेच. एक हिरवट, एक आकाशी, आणि मधोमध तपकिरी शिरांचा. आपला सोनार असला खडा डागाळलेला म्हणून बाजूला काढेल. तिने त्याच्यासाठीच सगळं कडं रचलं होतं. आईच्या घरामागे पाऊस पडून गेल्यावर जमीन अशी दिसते, म्हणाली. आणि आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे बारीक पायऱ्यांची नक्षी, तिच्या वडिलांनी जुन्या कानशीपासून बनवलेल्या ठशाने उठवलेली. 'आत कुणासाठी?' मी विचारलं. 'जी घालेल तिच्यासाठी,' ती म्हणाली.

नीलम, आयुष्यभर मी दागिने बघितले ते कुणाच्या लग्नात शोभतील, मोडले तर काय येईल, याच हिशोबाने. त्या दिवशी पहिल्यांदा एखाद्या चित्रासमोर उभं राहावं तशी मी एका दागिन्यासमोर बसले होते. ते कडं तू माझ्या साठीला दिलंस तेव्हा मी रडले होते, ते उगाच नाही. (दिवाळीत चिंच-मीठ लावून घासायला काढलं आणि तू व्हिडिओवर किंचाळलीस, तेही आठवतं. खोबणीतला काळेपणा तिने मुद्दाम ठेवलाय हे मला कसं कळणार? आमच्याकडे चांदी काळी दिसली की सासूबाई काय म्हणायच्या, ते तुला माहीत आहे.)

मार्चमध्ये दर्शन म्हणाला, "आई, कडं दे ना दोन दिवस. त्याच्यावरून एक करून बघतो." त्याचा अंबत्तूरचा ओतकामाचा कारखाना कसा रडतखडत चाललाय हे तुला ठाऊक आहेच. मी लगेच काढून दिलं. आपल्याकडे कुणाचा दागिना आवडला की दुसरं काय करतात? आईच्या गोठांचा नमुना मिरजेत किती घरांत गेला, आणि आई तो किती मिरवायची! नमुना मागणं म्हणजे कौतुक, एवढंच मला माहीत. लोरेनकडे तो तडकलेला दगड बघून आले होते, तरी हात सवयीने मनगटाकडे गेला. उलट मला बरंच वाटलं, की पोराला माझी एक तरी वस्तू आवडली.

थोड्या दिवसांनी तो शेषगिरी नावाच्या माणसाला घेऊन आला. परदेशी माल पाठवतो म्हणे. घराणं मूळचं तंजावरकडचं, जुनं मराठी बोलतो, लुंगीसारखी नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी. मला फार कौतुक वाटलं, या शहरात मराठी बोलणारा माणूस घरी आला म्हणून. बस म्हटलं तर बसला नाही. उभ्या उभ्याच लोरेनची चौकशी करत होता. वय काय, मुलंबाळं तिच्या हाताखाली शिकतात का, वर्षाला किती वस्तू करते, त्या कुठे विकते, इंटरनेटवर असते का. मी आपली फिल्टर कॉफी ओतत सगळं सांगत होते. जाताना म्हणाला, "अक्का, तुमची भैण चांगली. तिचं नांव चांगलं. अस्की काम त्या नांवावर होईल." अस्की म्हणजे सगळं. मी हसले. मला वाटलं, तुझी स्तुती करतोय.

मग दर्शनचे शर्ट धुताना पाणी निळं यायला लागलं. बाह्या, खिसे, कॉलर, सगळीकडे निळी पूड. विचारलं तर म्हणाला, नवा रंग आलाय कारखान्यात. कडं त्याने परत आणून दिलं आणि मी ते घालून रोजच्यासारखी बाजारात गेले. घामाने हात भिजला होता. घरी येऊन कडं काढलं, तर मनगटावर निळं वर्तुळ. धुतलं तरी जाईना.

मी खिडकीपाशी नेऊन बघितलं. शिरा होत्या, पण रंगवलेल्या. चांदीची खरखर होती, पण कडा बोथट, भांडं घासून घासून होतात तशा. आतल्या पायऱ्याही होत्या. आणि त्यांच्याखाली लोरेनचं नाव, खऱ्यावर आहे तसंच, तिच्याच अक्षरात.

दर्शन आला तेव्हा ते ताटाशेजारी ठेवलं. "माझं कुठंय?"

"आई, सुम्मा टेन्शन घेऊ नकोस. सेफ आहे."

"कुठे?"

"बॉक्समध्ये. सगळ्यात वर. कुणी उघडून चेक केलं तर पहिलं हातात येईल ते खरं निघायला पाहिजे ना?"

"आणि खाली?"

तो आमटीत भात कालवत राहिला. "रबरच्या साच्यातून कितीही निघतात, आई. तिला वर्षभर लागतं, आपल्याला एक शिफ्ट."

"तिच्या नावाने विकणार?"

"नावाशिवाय तिकडे कोण घेतो?"

"आणि पेटी कुणाच्या नावाने चाललीय?"

तेव्हा त्याने मान वर केली आणि हसला, लहानपणी काचेची बरणी फोडून हसायचा तसा. "मावशीच्या. खऱ्या कड्याचं बिल तिच्याच नावाचं आहे. तिची नि त्या बाईची ओळख आहे, ऑगस्टच्या मार्केटमध्ये सगळे तिला त्या बाईबरोबर बघतात. कुणाला डाउट येणार?"

तिकडे आदिवासींच्या नावाने नकली दागिने विकणं हा गुन्हा आहे हे तूच त्याला सांगितलं होतंस, माझ्यासमोर. त्याला आठवतंय. मी विचारलं, मावशीला पकडलं तर? म्हणाला, "तिला काय होणार, ती सिटिझन आहे." नीलम, माझ्या पोटी जन्मलेला मुलगा हे बोलला आणि पापड मागितला.

मी ह्यांना सांगितलं. तर हे म्हणाले, "एकुलता एक आहे. तू काही केलंस तर तो परत या दारात यायचा नाही." बरोबरच आहे त्यांचं. मलाही तीच भीती वाटते, आणि ती काही जात नाही.

काल दर्शन नसताना शेषगिरी आला. लोखंडी जाळीच्या दाराबाहेर उभा राहिला, घंटा वाजवली नाही. मी सहज बाहेर डोकावले तर समोर हा. "अक्का, भैणीला फोन करतां की नाय?" म्हटलं, करते. "करा. नेहमीसारखं बोला." मग तुझ्या घराच्या दाराचा रंग त्याने मला सांगितला. निळा, आणि बाजूला मिरच्यांची माळ. नकाशावर बघितलं म्हणाला. ऑगस्टच्या त्या दागिन्यांच्या बाजाराला तो आणि दर्शन तिकडे येणार आहेत, उतरणार तुझ्याकडे. तुला हे अजून कुणी कळवलेलं नाही ना? मला वाटलंच.

तर आता सांगते ते कर. आधी लोरेनकडे जा. तिने मला एक वस्तू नीट बघायला शिकवलं आणि मी तिचं सगळं घर या माणसांपुढे उघडून ठेवलं, हे तिला सांग. मी तिची माफी मागते. मग जिथे तक्रार करायची तिथे कर. शेषगिरीचं नाव तू सांगशील आणि दर्शनचं गाळशील. त्याला तू मांडीवर घेऊन वरण-भात भरवलायस, मी तुला ओळखते. गाळू नकोस. त्याचं नाव गाळलंस तर तुझंच उरेल.

तो दारात येऊन मावशी म्हणून हाक मारेल. दार उघडू नकोस.

हा कागद तिकडे कुणाला दाखवावा लागेल, त्याचं भाषांतर होईल, म्हणून खाली 'तुझी ताई' लिहीत नाही. नाव नीट वाचता यावं असं लिहिते.

सुनीती कृष्णकांत गुळवणी,
दर्शन कृष्णकांत गुळवणी याची आई.