बारा सिलिंडरचा आवाज

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून हसू नकोस. मालकांच्या दोन लाडक्या गाड्या तुला आठवतात ना, हिरवी आणि चंदेरी? दोन्ही ब्रिटिश, दोन्ही दुर्मीळ, आणि नखरे तर विचारूच नकोस. त्यातली एक आता विकायची आहे, आणि कुठली ते मी सांगायचं. मालक म्हणाले, कानसेन, तुम्ही म्हणाल ती ठेवू. एवढी वर्षं इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगत आलो, म्हणून हा मान.

चंदेरी पळण्यात वस्ताद. सहा सिलिंडर, दोन टर्बो. पाय दाबला की क्षणभर पेंगते आणि मग अशी उसळते की पाठ सीटला चिकटते. पण तशा तीनशेच्या आसपास बनल्या, शिवाय हिला एकदा नव्याने रंग मारलाय, त्यामुळे संग्राहक नाक मुरडतात. हिरवी पळण्यात जराशी मागे, पण तिच्यासारख्या जगात जेमतेम साठ. रंग मूळचा, इंजिनाचा नंबर कागदांशी जुळणारा, कारखान्यातून आलेली पान्यांची पिशवीसुद्धा शाबूत. आणि ते बारा सिलिंडरचं इंजिन! टर्बोबिर्बो काही नाही, नुसतं गाणं. किंमत चंदेरीच्या तिप्पट. मी हिरवी ठेवा असं लिहिलं, इंजिन ठणठणीत आहे म्हणून खाली सही ठोकली.

मंगळवारी दोन्ही गाड्यांची किंमत ठरवणाऱ्या बाई आल्या. हिरवी सुरू केली. बाईंनी मान तिरकी करून विचारलं, ही किरकिर कसली? मी म्हटलं, कसली किरकिर? बाईंनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे. इंजिनातली चेन सैल झाली होती गं. तुटली असती तर सगळं इंजिन मातीत. शेजारच्या शेडमधल्या वेल्डरलासुद्धा ऐकू येत होती म्हणे. मी इंजिनावरचं मागचं झाकण उघडून पार आत डोकं घातलं, हात टेकवला. हाताला थरथर लागत होती, कानाला काही नाही. मालकांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली. चिडले असते तर बरं वाटलं असतं. आता दोन्ही गाड्या दुसऱ्याच मेकॅनिककडे गेल्यात.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, मग माणसांचं बोलणं. गेलेलं परत येत नाही. कानात घालायचं यंत्र मिळेल, त्याला महिना लागेल, आणि त्यानेही थोडंफारच भागेल. वर्षभर मला कळत होतं आणि मी चोरासारखं लपवत होतो. तुझ्यापासूनसुद्धा.

खरं सांगू का, कित्येक महिने फोनवरचं तुझं बोलणं मला धड कळत नाही. तुझा सूर वर गेला की हसायचं, खाली आला की हं म्हणायचं, असं निभावून नेत होतो. गेल्या रविवारी तू खूप वेळ बोललीस. मध्येच थांबलीस. मी आपलं म्हटलं, छान, बरं झालं. तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून तुझा फोन नाही. आई असती तर तिने ऐकलं असतं. मेसेज करायला दोनदा फोन हातात घेतला, पण लाज वाटली. बाळा, काय सांगत होतीस ते एकदा लिहून पाठव. मी कुठल्या गोष्टीला बरं झालं म्हणालो, तेवढं मला कळू दे.

तुझाच,
बाबा