यादीत नसलेलं पान

॥ जय सेवालाल ॥

आखाडा बाळापूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. नीलाबाईस,
पुनमचंदचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझा, हरिचंदरावांचा आणि पुजाचा नंबर मी फोनवर ब्लॉक केला आहे. ‘राठोड परिवार’ ग्रुपही सोडला. म्हणून टपाल.

परवा मी दुकान बंद ठेवून, दोन गाड्या बदलून भाचीची समजूत काढायला तांड्यावर आलो. आणि तू काय केलंस? सोनाजी नायकांच्या ओट्यावर, सगळ्या तांड्यासमोर म्हणालीस की पोरीची नर्सिंगची जागा मामामुळे गेली. सख्ख्या भावाला असं बोलताना जीभ जरा तरी अडखळायला हवी होती.

कनेरगाव नाक्याच्या ढाब्यापर्यंत इंटरनेटची लाइन आली आणि पुढे यायला कंपनीने हात वर केले, तेव्हा ढाब्याच्या गच्चीवर एक डिश आणि तुझ्या पत्र्यावर दुसरी लावून त्या खोलगटात नेट कोणी आणलं? अकरा घरांत वायर कोणी ओढली? बाजारातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्याऐवजी लोखंडी अंगाचा राउटर माझ्या खिशातून आला. मी एकेक वस्तू पारखून लावतो. रॅम बोर्डालाच डकवून टाकलेला, पुढे वाढवता न येणारा लॅपटॉप मी दुकानात ठेवत नाही, चोरीचं सॉफ्टवेअर टाकत नाही, आणि अर्थिंग नसलेल्या घरात मशीनचं बटण दाबत नाही. तीस वर्षांत माझ्या हातचं काम उलटलेलं नाही.

उलट तुमचं बघ. राउटरवर तू विणलेला रुमाल घातलास. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावलंस, झेंडूचा हार घातलास. पाकळ्या आत गेल्या, त्या मी चिमट्याने काढल्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात मिठाचं पाणी घालायला सांगितलं, तर तिथे तुमची शेळी बांधलेली. अशा घराने मला नेटवर्क शिकवू नये. जागा गेली ती प्रवेशवाल्यांच्या सर्व्हरमुळे. तो त्या दिवशी बसला होता, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

हरिचंदरावांना नमस्कार. पुजाला आशीर्वाद. राग निवळला तर उत्तर दे, नाही निवळला तरी दे.

तुझा,
पुनमचंद

* * *

॥ जय सेवालाल ॥

चव्हाण तांडा, कनेरगाव नाक्याजवळ
१७ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
नीलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा डोकं तापलं. रुमालाचं आणि शेळीचं सगळं खरं आहे. आता मी सांगते ते तू एकदा बस आणि वाच, कारण फोनवर तू कधी दुसऱ्याचं पूर्ण ऐकत नाहीस.

नऊ तारखेला, मंगळवारी, पुजाला नांदेडच्या सरकारी कॉलेजातली जागा लागलेली होती. संध्याकाळी साडेपाचच्या आत ‘मान्य आहे’ असं त्या कॉम्प्युटरवर दाबायचं, एवढंच काम. पोरगी दहा वाजल्यापासून बसली. साइट उघडायची, तिचं नाव यायचं, फोटो यायचा, आणि शेवटचं पान उघडायला गेलं की पांढरं. मी देवळाच्या गच्चीवर चढून तुला फोन लावला, तिथेच तेवढी बोलण्यापुरती रेंज येते. विचारलं की होळीपासून तू जी यादी लावली आहेस, पोरं रील बघतात म्हणून यादीतल्याच साइट उघडतात ती, तिच्यामुळे तर असं होत नाही ना? घटकाभर काढून बघ. तू हसलास. म्हणालास, माझी यादी मला माहीत न्हाई व्हय? प्रवेशाची साइट यादीत हाये. सर्व्हर दमलाय, काहून घाई करून राहिली, चार वाजेपर्यंत थांब म्हणावं.

मग यादी काढायला मी राउटरचा पासवर्ड मागितला. तोही दिला नाहीस. इथे येतोस तेव्हा पासवर्ड टाकताना आम्हाला भिंतीकडे तोंड फिरवून उभं करतोस, मला, पाहुण्यांना, पन्नाशीच्या जावेला. म्हणतोस, पासवर्ड दात घासायच्या ब्रशासारखा असतो, घरच्यालाही द्यायचा नसतो.

पुजा थांबली. दादा, तिचा बाप सांगत होता की जीप वाशीमला जाते आहे, नाक्यावर सोडतो, ढाब्यावर बसून कर. ती म्हणाली, मामा म्हणतात थांब. आपल्यात मामाचा शब्द लग्नाच्या मांडवातसुद्धा मोडत नाहीत, तो तिने कॉम्प्युटरसाठी कसा मोडावा? चारनंतर तिचा धीर सुटला तेव्हा जीप गेलेली होती आणि बाजारामुळे दुसरी गाडी नव्हती. सात किलोमीटर चिखलातून पळत गेली. ढाब्यावर पोचली तेव्हा पाच चाळीस झाले होते. तिथे ते पान पटकन उघडलं आणि त्यावर मुदत संपल्याचं लिहिलेलं होतं.

त्याच दिवशी तुझा सर्व्हर चारपर्यंत दमला असेल आणि मग ताजातवाना झाला असेल, तर मला माहीत नाही. मी सातवी शिकलेली. पण पोरीने चार दिवस ताटाला हात लावला नाही, ते मला कळतं.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावरचा लोभ आटला नाही, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
नीला

* * *

॥ जय सेवालाल ॥

आखाडा बाळापूर
२२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. नीलाबाईस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राने मला दोन रात्री झोप नाही. दुखावलो म्हणून नाही, चीड आली म्हणून. जिला केबल आणि कपड्याच्या दोरीत फरक वाटत नाही ती मला माझ्या यादीवरून विचारते. ढाब्यावर पान उघडलं, यात काही नवल नाही. साडेपाचनंतर गर्दी ओसरते, कोणताही सर्व्हर मोकळा होतो. हे पहिलीचं पोरगं सांगेल.

पण बोलून उपयोग नाही हे मला कळलं आहे. माणसं बोलतात, मशीन लिहून ठेवतं. तुझ्या घरातला तो राउटर कोणी कधी कोणतं पान मागितलं आणि त्याचं काय झालं याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. तिला लॉग म्हणतात. लॉगला नातं नसतं, तो कोणाची बाजू घेत नाही. रविवारी इथून त्यात शिरतो, नऊ तारखेचा लॉग काढतो, छापतो आणि टपालाने पाठवतो. सोनाजी नायकांच्या ओट्यावर सगळ्यांसमोर वाच. मला तिथे बोललीस, तर तिथेच परत घे.

तोवर राउटरवरचा रुमाल काढून ठेव. आशीर्वाद, पण रागातले.

पुनमचंद

* * *

॥ जय सेवालाल ॥

आखाडा बाळापूर
२८ सप्टेंबर २०२५, रविवार

नीला,

लॉग सोबत जोडला आहे. ज्या ओळींखाली लाल शाईने रेघ मारली आहे त्या बघ.

प्रवेशाची साइट माझ्या यादीत होती. पण तिचं शेवटचं पान, जिथे ‘मान्य आहे’ दाबायचं, ते दुसऱ्याच पत्त्यावर उघडतं. तो पत्ता यादीत नव्हता. म्हणजे पाहुण्याला वेशीतून आत घेतलं आणि घराच्या दाराला कुलूप घातलं. सर्व्हर सकाळपासून ठणठणीत होता. दहा वाजून चौदा मिनिटांनी पुजाने पहिल्यांदा ते पान मागितलं. शेवटचं चार वाजून सात मिनिटांनी. मी मोजलं, त्रेसष्ट वेळा मागितलं, आणि त्रेसष्ट वेळा माझ्या यंत्राने माझ्या हुकमाने नाही म्हटलं.

तू फोन केलास तेव्हा मी दुकानात रिकामा बसलो होतो. लॉग उघडायला मला दोन मिनिटं लागली असती. उघडला नाही, कारण तू विचारत होतीस. एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर बघितलं असतं.

हा कागद मी दोन दिवस गल्ल्यात ठेवला असता आणि लॉग पुसला गेला म्हणून कळवलं असतं, तर तुम्हाला कोणालाही कळलं नसतं. असा विचार माझ्या मनात आला, तोही तुला सांगून ठेवतो. ओट्यावर हेच वाच. तुझ्या तोंडचा एक शब्दही परत घेऊ नकोस.

यादी मी इथून काढलेली नाही. ती माझ्या हाताने निघू नये. दुसऱ्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आहे, सोळा अक्षरी आहे, लहान-मोठी अक्षरं बघून टाकायची. चिठ्ठी पुजाच्या हातात दे. तुम्हा सगळ्यांचे नंबर मोकळे केले आहेत, पण फोन करायचं तोंड मला नाही.

तुझा भाऊ

* * *

॥ जय सेवालाल ॥

चव्हाण तांडा
१० ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
पुजाचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आईने ओट्यावर वाचलं नाही. घरातच वाचलं, मग राउटरसमोर बसून रडली आणि तुम्हाला खूप शिव्या दिल्या. रुमाल काढला आहे. शेळी हलवली आहे.

प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीत माझं नाव लागलं नाही. नांदेडची जागा ज्या मुलीला गेली तिचं कॉलेज सुरू होईल, माझं एक वर्ष गेलं. राग आला आहे का, असं तुम्ही मामींकडून विचारलंत. खूप आला आहे. तुमच्यावर आहे आणि माझ्यावरही, कारण त्रेसष्ट वेळा दाबताना मला साठ वेळा वाटलं होतं की हे मामांच्या यादीचं काम आहे. बाबा जीप घेऊन दारात उभे होते. मी तुमचं ऐकलं. यापुढे कॉम्प्युटरच्या बाबतीत तुमचं ऐकीन, पण आधी लॉग बघून.

सोनाजी नायकांनी परवा सगळ्यांना बोलावून विचारलं की आता नेट कोण सांभाळणार. मी म्हटलं, मी. दोन आज्या म्हणाल्या, पोरीच्या जातीला जमंल व्हय? आई म्हणाली, पोराच्या जातीचं बघितलं की आमी. तुमच्या चिठ्ठीवरून मी आत शिरले. दोन तास लागले, पण यादी काढली. आता रात्री दहा ते पहाटे पाच नेट बंद राहतं, बाकी वेळ सगळं उघडं. रील बघणाऱ्यांना त्यांच्या आया बघून घेतील.

पासवर्ड मी बदलला आहे. तो अठरा अक्षरी आहे आणि तुम्हाला कळवणार नाही. ब्रशाचं तुम्हीच शिकवलं आहे.

दिवाळीला या. ढाब्यावरची डिश वाऱ्याने जरा वाकली आहे, ती मला एकटीला जमणार नाही. राउटरमध्ये काही बघायचं असेल तर तेही बघा, मी उघडून देईन. मी पासवर्ड टाकेपर्यंत तेवढं भिंतीकडे तोंड करून उभे राहा.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ राहू द्या, माझा राग अजून काही दिवस राहील.

तुमची भाची,
पुजा